आजोबांची संगीन नक्की कुणाची?

प्रस्तावना

पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात ज्या घरांतून दोन-तीन पिढ्या पलटणीत गेल्या, त्यांतल्या पुष्कळ घरांत माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर एक जुनी संगीन सापडते. तिच्याबरोबर एक वाक्यही वारशाने आलेले असते: आजोबांनी लढाईतून आणली. कोणत्या लढाईतून, ती त्यांची स्वतःची होती की शत्रूची, हे विचारायचे राहून गेलेले असते आणि सांगू शकणारे माणूस आता हयात नसते. हे पुस्तक अशा घरांतल्या लोकांसाठी आहे. शस्त्रसंग्राहकांसाठी इंग्रजीत जाडजूड ग्रंथ आहेत, पण त्यांची मांडणी जमवणाऱ्याच्या सोयीची असते. जमवणारा विचारतो, ही कोणती? वारसदार विचारतो, ही कुणाची? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पोलादावर कोरलेले असते आणि थोड्या सवयीने वाचता येते. दुसऱ्याचे उत्तर पोलादावर जवळजवळ कधीच नसते. ते कागदांत, पदकांत आणि माणसांच्या आठवणीत शोधावे लागते. म्हणून माझे म्हणणे असे, की या दोन साक्षी वेगवेगळ्या नोंदवाव्यात आणि वस्तूची साक्ष आधी घ्यावी. क्रम उलटा केला, तर घरची गोष्ट मनात धरूनच आपण शिक्के वाचू लागतो आणि मग अर्धवट पुसलेला आकडाही आपल्याला हवा तसा दिसतो.

आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारी संगीन घेऊ, म्हणजे वाचणे म्हणजे काय ते कळेल. ती १९०७ च्या नमुन्याची ब्रिटिश संगीन, शॉर्ट ली-एन्फील्ड या .३०३ रायफलीला लावायची. पाते एकधारी, १७ इंच लांब, दोन्ही बाजूंना रुंद पन्हळ. मुठीसकट लांबी पावणेबावीस इंचांच्या आसपास. मुठीला अक्रोडाच्या लाकडाच्या दोन फळ्या, त्या दोन स्क्रूंनी आवळलेल्या. मुठीच्या टोकाशी एक खटका आणि खाच. पात्याच्या मुळाशी आडवी पोलादी पट्टी आणि तिला वरच्या बाजूने एक कडे. ब्रिटिशांनी हा नमुना जपानच्या अरिसाका रायफलीच्या संगिनीवरून घेतला होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याचे कारण पुढे येईल. सुरुवातीला आडव्या पट्टीचे खालचे टोक आकड्यासारखे वळवलेले असे. १९१३ मध्ये हा आकडा रद्द झाला आणि ज्या संगिनींना तो होता त्यांतल्या बहुतेकांचा तो कापून टाकण्यात आला. १९१६ मध्ये मुठीच्या टोकाशी एक आरपार भोक पाडण्याचा हुकूम निघाला, खाचेत साचलेली माती बाहेर पडावी म्हणून. आधी तयार झालेल्या संगिनींनाही नंतर हे भोक पाडले गेले. त्यामुळे भोक असण्यावरून फारसे काही ठरत नाही, नसण्यावरून मात्र बरेच ठरते.

आता पाते मुठीला मिळते तिथला, धार सुरू होण्यापूर्वीचा सपाट भाग उजेडात धरावा. टॉर्चचा झोत समोरून टाकला तर काही दिसत नाही. तो बाजूने, पात्याला जवळजवळ समांतर टाकला की शिक्क्यांच्या कडांच्या सावल्या पडतात आणि पुसट अक्षरे उठून येतात. एका बाजूला वर मुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरे: सातव्या एडवर्डच्या काळात 'ई. आर.', पंचम जॉर्जपासून 'जी. आर.'. त्याखाली १९०७ हा आकडा, मग महिना आणि वर्षाचे शेवटचे दोन अंक, आणि सर्वांत खाली कारखान्याचे नाव. विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन, मोल, व्हिकर्स ही नावे इंग्लंडमधल्या खासगी कारखान्यांची, एन्फील्ड हा तिथला सरकारी कारखाना, लिथगो ऑस्ट्रेलियातला. बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्याचा शिक्का 'आर. एफ. आय.' असा, आणि तिथल्या मालावर राजाच्या आद्याक्षरांत सम्राटपदाचा 'आय' जोडून 'जी. आर. आय.' असे येते. पात्याच्या दुसऱ्या बाजूला तपासनिसांचे बारीक शिक्के, सरकारी मालकीचा रुंद बाण आणि एक फुली. ही फुली म्हणजे पाते वाकवून पाहिले आणि ते पुन्हा सरळ झाले, याची नोंद.

यातला १९०७ हा आकडा सर्वांत जास्त फसवतो. तो नमुन्याचे नाव आहे, बनावटीचे वर्ष नव्हे. पंचम जॉर्ज १९१० मध्ये गादीवर आला. म्हणजे ज्या संगिनीवर 'जी. आर.' आहे ती १९०७ ची असूच शकत नाही, एवढे तर्काने कुणालाही कळावे. तरीही आकडा ठळक असतो आणि त्याखालची महिना-वर्षाची जोडी बारीक, म्हणून घरोघरी '१९०७ सालची संगीन' तयार होते. हाच घोटाळा रेमिंग्टनने अमेरिकेत बनवलेल्या, १९१३ असा आकडा असलेल्या संगिनीबाबत होतो. ती दिसायला जुळ्या बहिणीसारखी, पण मुठीच्या लाकडावर दोन आडव्या खाचा असतात, कडे अधिक उंच असते आणि ती वेगळ्या रायफलीची असते.

खरी बनावटीची तारीख सापडली, तरी तिच्याकडून किती काम करून घ्यायचे याची मर्यादा ओळखली पाहिजे. माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे. तारीख एखादा दावा खोडू शकते. सिद्ध करू शकत नाही. उदाहरण कुत अल अमाराचे घेऊ. मेसोपोटेमियातल्या या गावात जनरल टाउनशेंडच्या हाताखालचे सहावे पूना डिव्हिजन वेढ्यात अडकले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेले. त्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. समजा, एका घरात सांगतात की आजोबांनी ही संगीन कुतच्या वेढ्यात वापरली, आणि पात्यावर १९१७ चा शिक्का आहे. प्रश्न तिथेच संपला. पण शिक्का १९१५ चा असला, तर? एवढेच कळते की दावा अशक्य नाही. त्या वर्षी इंग्लंडातल्या कारखान्यांतून लाखो संगिनी बाहेर पडत होत्या आणि त्या जगभर गेल्या. शिवाय कुतच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती शिक्क्यावर दिसत नाही पण इतिहासात दिसते: शरण जाण्यापूर्वी फौजेने आपली शस्त्रे नष्ट केली आणि माणसे कैदेत गेली. कैदी म्हणून वाळवंट तुडवणाऱ्या शिपायाने कमरेची संगीन गावी आणली, हे कसे पटावे? ती नंतरच्या नोकरीत मिळाली असेल, दुसऱ्या कुणाकडून आली असेल, कुतहून नाही.

तारीख आणि वापर यांतले अंतर हिंदी फौजेच्या बाबतीत आणखी वाढते. १८५७ नंतर ब्रिटिशांनी हिंदी शिपायांच्या हाती मुद्दाम एक पिढी जुनी हत्यारे ठेवली. गोऱ्या पलटणींकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा हिंदी पलटणींकडे स्नायडर होती; गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड आली तेव्हा इकडे मार्टिनी पोहोचली. टाकलेला माल पुढे संस्थानांच्या फौजांकडे आणि पोलिसांकडे जाई. म्हणून मूठ नसलेली, नळीवर चढवायची तीनधारी संगीन घरात सापडली तर तिचा नमुना विलायतेत कधी बाद झाला यावरून आपल्याकडच्या वापराचा काळ ठरवता येत नाही. दुसऱ्या टोकाला, .३०३ रायफली स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके पोलिसांकडे होत्या. पहिल्या महायुद्धाचा शिक्का असलेली संगीन १९६० नंतरच्या एखाद्या हवालदाराच्या पट्ट्यालाही असू शकते.

मग ती कुणाची, या प्रश्नाकडे येऊ. इथे आधी एक साधी गोष्ट मान्य करावी लागते: संगीन शिपायाची नसायची, सरकारची असायची. रायफलीबरोबर ती मिळे, रजिस्टरला चढे आणि नोकरी संपताना परत घेतली जाई. हरवली तर जाब द्यावा लागे. रुंद बाणाचा शिक्का हेच बजावत असतो. त्याच बाणासमोर दुसरा बाण टोकाला टोक भिडवून मारलेला दिसला, तर ती संगीन सरकारी मालातून रीतसर कमी करून विकली गेली, असा त्याचा अर्थ. या दोन बाणांनी अनेक घरांतल्या गोष्टीचे वळण बदलते. आजोबांनी रणांगणावरून आणली असे ज्या संगिनीबद्दल सांगतात, ती सरकारी विक्रीतून बाजारात आली आणि तिथून घरी आली, असे निघते. यात आजोबांचे काही कमी होत नाही. माजी सैनिकाने आपल्या जुन्या हत्यारासारखे हत्यार जुन्या बाजारातून विकत घेऊन जपले, ही गोष्टसुद्धा सांगण्याजोगी आहे. आणि ती खरी आहे.

शत्रूकडून मिळालेल्या संगिनींचे तसे नाही. त्या कोणत्याच रजिस्टरवर नसत, म्हणून गावी पोहोचण्याचा संभव त्यांच्या बाबतीत अधिक. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी पूर्व आफ्रिकेत, उत्तर आफ्रिकेत, इटलीत आणि ब्रह्मदेशात लढल्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना इटलीतल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. अशा पलटणीतल्या माणसाच्या घरात कार्कानो रायफलीची इटालियन संगीन किंवा अरिसाकाची जपानी संगीन असेल, तर घरची गोष्ट आणि वस्तू एकमेकींना आधार देतात. मात्र मघाशी सांगितलेली उसनवारी इथे आडवी येते. जपानी संगीन आणि आडव्या पट्टीला आकडा असलेली ब्रिटिश संगीन यांत मूळ आणि नक्कल असे नाते असल्याने लांबून त्या सारख्या दिसतात. जपानी पाते जरा आखूड, सुमारे ४० सेंटिमीटर. त्यावर मुकुट किंवा राजाची अक्षरे नसतात, तर कारखान्याची चिन्हे असतात, जसे एकमेकांत गुंतलेली वर्तुळे. मुकुट दिसला की ब्रह्मदेशातल्या जपानी शिपायाची गोष्ट मागे घ्यावी.

आखूड पात्याबद्दलही एक गैरसमज आहे. बारा इंचांची संगीन पाहिली की 'लोहाराकडून कापून घेतलेली' म्हणून लोक ती बाजूला टाकतात. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लांब संगीन ट्रकमध्ये आणि जंगलात अडचणीची ठरते हे ओळखून हिंदुस्थान सरकारनेच १९०७ च्या हजारो संगिनी सुमारे १२ इंचांपर्यंत आखूड करवल्या; पुढे पन्हळ नसलेली आखूड पातीही नव्याने बनवली, त्यांतल्या काहींच्या मुठी तर घाईत केलेल्या, चौकोनी आणि काळ्या आहेत. फरक ओळखायची सोपी खूण पन्हळ. मूळच्या लांब पात्यात ती टोकाच्या बरीच अलीकडे संपते. कापलेल्या पात्यात ती थेट टोकापर्यंत धावते. कारखान्यात कापलेल्याचे टोक दोन्ही बाजूंनी सारखे घासलेले असते आणि बहुधा नव्या नमुन्याचे शिक्के सापडतात. लोहाराने कापलेले असेल तर टोक एका बाजूला झुकते, आणि पोलाद तापवल्याचा निळसर-तपकिरी डाग राहू शकतो.

या पद्धतीवर एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो मी मनापासून मानतो: मौखिक परंपरेला तुम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता. ज्या समाजांना सरकारी दप्तरात जागा मिळाली नाही, त्यांच्याकडे सांगोवांगीखेरीज दुसरे काय होते? महार शिपायांचेच पाहा. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत ते मोठ्या संख्येने होते, मग भरती बंद झाली. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि चार वर्षांत मोडली. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट सुरू झाली. एवढ्या तुटक इतिहासात घरच्या आठवणीला मोल नाही, असे कोण म्हणेल? पण म्हणूनच ती आठवण जशीच्या तशी लिहून ठेवली पाहिजे. ती वस्तूवर लादली की दोन्ही बिघडतात. आजी म्हणत असे की 'ते बसऱ्याला होते', तर बसऱ्याला असणे ही माहिती आहे आणि ती तपासता येते. संगीन बसऱ्याहून आली, ही कुणीतरी नंतर घातलेली भर असू शकते. एकदा भर खोटी ठरली की ऐकणारा बसऱ्यावरचाही विश्वास गमावतो. आजीच्या शब्दांचे रक्षण करायचे तर ते संगिनीपासून वेगळे ठेवले पाहिजेत.

आणि माणसाचा माग काढायला संगिनीपेक्षा कितीतरी चांगली साधने बहुतेक घरांत पडून असतात. पहिल्या महायुद्धाची ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल यांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. दुसऱ्या महायुद्धाची जी पदके हिंदुस्थान सरकारने दिली, त्यांवरही नावे आहेत. इंग्लंडमधल्या सैनिकांना मिळालेल्या त्याच पदकांवर ती नसत. ज्या पदकाकडे कुणी पाहत नाही, ते चहाच्या डब्यात लहान मुलांच्या नाण्यांबरोबर पडलेले असते आणि भिंतीवर मान मिळतो निनावी संगिनीला. डिस्चार्ज सर्टिफिकेट, पेन्शनचे कागद, पलटणीचा नंबर असलेले एखादे पत्र, हे सगळे संगिनीच्या आधी शोधावे. युद्धात मरण आले असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत नाव पाहता येते. मेसोपोटेमियात पडलेल्यांची नोंद बसऱ्याच्या स्मारकाशी, आणि पुष्कळ इतरांची पुण्यातल्या खडकीच्या स्मारकाशी जोडलेली आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगेसारख्या गावांत किती माणसे गेली याची आठवण दगडावर कोरलेली आहे. पलटणीच्या आकड्यांबाबत एक सावधगिरी: १९२२ च्या फेररचनेत १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या जुन्या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियनी झाल्या. म्हणून आजोबा '११० मध्ये' होते आणि 'पाचव्या मराठ्यात' होते, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल खऱ्या असू शकतात.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. शिक्के तरी कशावरून खरे? हा आक्षेपही पोकळ नाही. आडव्या पट्टीला आकडा असलेल्या १९०७ च्या संगिनी दुर्मीळ आणि महाग असल्याने साध्या संगिनीला आकडा जोडून विकणारे आहेत. हुबेहूब नव्या नकलाही बाजारात मिळतात. म्यान तर पुष्कळदा दुसऱ्याच संगिनीचे असते. पण वारसदाराच्या बाजूने एक गोष्ट आहे: ज्या संगिनीची घराण्यात साठ-सत्तर वर्षे विक्रीच झाली नाही, तिला बनावट करण्याचे कुणाला कारण नव्हते. तरीही एका शिक्क्यावर निकाल देऊ नये. पात्याची लांबी, कड्याची जागा, मुठीचे स्क्रू की रिव्हेट, भोक, राजाची अक्षरे, तारीख, कारखाना हे सगळे एकाच काळाकडे बोट दाखवत असतील तरच ओळख पक्की. १९०८ ची तारीख, न बदललेली मूठ आणि ईशापूरचे बटण असलेले म्यान, असे जुळले नाही तर न जुळल्याची नोंद करावी. ते न जुळणे म्हणजे बहुधा दुरुस्तीचा इतिहास असतो.

सर्वांत मोठे नुकसान मात्र आपल्या भक्तीने होते. खंडेनवमीला शस्त्रपूजा करायची म्हणून संगीन राखेने, चिंचेने, अलीकडे सँडपेपरने घासली जाते, आणि धार लावणाऱ्याकडे जाऊन आली की चाकाने तो सपाट भागही खाल्लेला असतो. कारखान्याचे बारीक शिक्के अर्धा मिलिमीटरही खोल नसतात. वीस-तीस दसऱ्यांत ते पुसून जातात. हळद-कुंकवाचे ओले बोट लागले की तिथे गंज धरतो, आणि पुढच्या वर्षी तिथेच अधिक घासले जाते. पूजा सोडावी असे मी म्हणत नाही. गंध म्यानावर किंवा ताम्हनात लावावे, पात्यावर नको. लाल गंज सुटत असेल तर तेलाच्या फडक्याने हलकेच टिपावा. काळपट थर मात्र तसाच ठेवावा, तो पोलादाचे रक्षण करतो. चामड्याच्या म्यानात संगीन कायम ठेवू नये, चामडे ओल धरते. म्यान आखडले असेल तर जोर करू नये.

कायद्याचे दोन शब्द. भारताच्या शस्त्र नियमांत धारदार शस्त्रांच्या यादीत तलवारीबरोबर संगिनीचेही नाव आहे. तिच्यासाठी परवाना लागतो की नाही, हे त्या भागासाठी निघालेल्या अधिसूचनेवर ठरते. त्यामुळे विकण्यापूर्वी किंवा दुसऱ्या जिल्ह्यात नेण्यापूर्वी स्थानिक पोलिस ठाण्यात विचारावे. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुराणवस्तू कायद्याच्या कक्षेत येते आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. नातवंडे अमेरिकेत आहेत म्हणून संगीन सामानात घालून देऊ नये.

पुढच्या प्रकरणांत नमुन्यांची चित्रे, मापे आणि शिक्क्यांचे तक्ते आहेत. संगीन शेजारी ठेवून ती वाचावीत. त्याआधी मात्र वाचकांना एक विनंती. एक कोरा कागद घ्या. त्यावर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून लिहा: ही संगीन कुणाकडून आली, त्यांचे पूर्ण नाव, गाव, पलटण, नंबर, भरतीचे आणि सुटकेचे वर्ष, आणि हे तुम्हाला कुणी सांगितले. जे ऐकीव आहे त्यापुढे 'ऐकीव' असे लिहा. खाली तारीख घालून सही करा आणि कागद संगिनीपासून वेगळा, पदकांच्या डब्यात ठेवा. शिक्के पुढच्या वर्षीही वाचता येतील. विचारायचे माणूस कदाचित नसेल.